यासोसावाचा रंग सांगणारी

फुसाएला मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीतून. बदली होऊन यासोसावाला येऊन मला तेव्हा सहा महिने झाले होते. ऑक्टोबरातली सकाळ होती. तिसरीच्या मुलांना निबंध लिहायला बसवून मी खिडकीशी उभी होते. खाली नदीवरच्या झुलत्या पुलापाशी एक बाई स्कूटरवरून आली. हेल्मेट न काढताच ती पुलाच्या तोंडाशी असलेल्या मेपलच्या झाडाखाली गेली. तिच्या हातात सूप प्यायचा लाकडी वाडगा होता, आमच्याकडे घरोघरी असतो तसला, लाखेने लाल केलेला. तिने झाडाचं एक पान तोडलं, वाडग्यात टाकलं, वाडगा उजेडाकडे तिरका धरून पाहिला, मान हलवली, पान फेकून दिलं आणि निघून गेली.

वीस मिनिटांनी ती परत आली. पुन्हा पान, पुन्हा वाडगा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती चार वेळा येऊन गेली.

शाळेचा शिपाई तोमेजो कोळशाची बादली घेऊन वर आला तेव्हा मी विचारलं, "ती कोण हो?"

"ओइकावांची फुसाए. ग्रामपंचायतीत आहे."

"काम काय करते?"

"पानं बघते."

"आणि मग?"

"मग फोन करते." तोमेजोने बादली खाली ठेवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "आणि मग परत येऊन बघते, फोनवर सांगितलं ते खरं होतं की नाही."

यात चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. शरदातली पानं बघायला लोक जातात अशी आमच्या प्रांतात एक्केचाळीस ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणाहून रोज दुपारी तीनच्या आत प्रांताच्या कचेरीत एक शब्द कळवायचा असतो. शब्द चारच आहेत: हिरवी, रंग धरताहेत, ऐन भरात, उतरती. दुसऱ्या दिवशी ती यादी वर्तमानपत्रात येते आणि सकाळी सात वाजता रेडिओवर वाचली जाते. शहरातले लोक ती ऐकून बस ठरवतात. यासोसावाच्या घळीत तेव्हा पाहुण्यांना उतरायला गरम पाण्याच्या कुंडांचे सात पथिकाश्रम होते. वर्षभरातलं त्यांचं जे काही व्हायचं ते त्या तीन आठवड्यांत. आणि त्या तीन आठवड्यांचा शब्द फुसाए सांगायची.

हे काम तिला बापाकडून आलं होतं. बाप वनखात्यात चौकीदार होता. घर आणि भाताचं शेत थोरल्या भावाला गेलं, फुसाएच्या वाट्याला हे झाड आलं. म्हणजे झाड सरकारचंच, पण बघायचं काम तिचं. पुलाजवळचं हे मेपल बापाने खुणेचं म्हणून निवडलेलं होतं. नदीकडची अर्धी बाजू लाल झाली की दोन दिवसांनी अख्खी घळ भरात येते, असा त्याचा हिशेब. तोडलेलं पान वाडग्याच्या लाल तळावर ठेवायचं आणि ते दिसेनासं झालं, की ती फांदी लाल धरायची. चाळीस वर्षांत हा हिशेब चुकला नाही, असं गावात सगळे सांगत. मी तिथे आल्यावरही कितीतरी वर्षं तो चुकला नाही.

हळूहळू आमची ओळख झाली. माझं घर पुलाच्या वरच्या अंगाला होतं, त्यामुळे जाता-येता ती डोकवायची. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. हिवाळ्यात तिच्याइतकी शांत बाई दुसरी नाही. ग्रामपंचायतीत बसून दाखले लिहायची, दुपारी सगळ्यांना चहा करायची, अंगणात पुरुषभर बर्फ साचला तरी त्यावर चकार शब्द काढायची नाही. पण ऑक्टोबर लागला की तिचा जीव थाऱ्यावर नसे. माझ्याकडे यायची ती दारातच उभी राहून चहा प्यायची.

"बस की गं जरा."

"बसलेच आहे की, बाई," असं उभ्यानेच म्हणायची. डोळे खिडकीबाहेर. "काल रात्री पाच अंश होतं ना? तुमच्या अंगणात किती होतं? तुमचं अंगण जरा खोलगट आहे."

"मी काय रात्रभर अंगणात बसते?"

"नाही, सहज विचारलं." मग कप माझ्या हातात देऊन निघालीच.

तिचा नवरा लाकडाचा ट्रक चालवायचा. फार बोलका नव्हता. एकदा मला म्हणाला, "बाई, ऑक्टोबरात माझं लग्न झालेलं नसतं. नोव्हेंबरात पुन्हा होतं."

मी निवृत्त झाले त्या वर्षीची ही गोष्ट. मार्चमध्ये शाळेतून निघाले, शहरातल्या बहिणीकडे जाण्याऐवजी इथेच राहिले. हातात वेळ होता, म्हणून त्या शरदात जे घडलं ते मला जवळून दिसलं.

सप्टेंबर सरला तरी उकाडा हटला नाही. ऑक्टोबरच्या दहा तारखेला लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. घळ नुसती हिरवीगार. आणि पुलाजवळचं मेपल मात्र नदीकडून लाल व्हायला लागलं. इतर वर्षी बावीस-तेवीसला जे व्हायचं ते तेरा तारखेला झालं. पान वाडग्यात दिसेना.

फुसाए त्या दिवशी माझ्याकडे पाच वेळा आली. पाचव्या वेळी म्हणाली, "बाई, तुम्ही बघा. तुमच्या डोळ्यांना काय दिसतं?"

मी वाडग्यात पाहिलं. "लाल आहे."

"आणि वर डोंगर?"

"हिरवा."

"हेच मला दिसतंय." तिने पान उलटं केलं, सुलटं केलं. "पण बाबा म्हणायचे, डोंगराकडे बघू नकोस, डोंगर फसवतो. एका थंड रात्रीत पालटतो. बुधवारी रात्री थंडी आहे म्हणतात."

पथिकाश्रम तोवर तीनच उरले होते. त्यातल्या मोठ्याची मालकीण सुमी पंचायतीत येऊन बसली. सुमी सत्तरीची, जिभेने तिखट, पण मनाने वाईट नाही. "फुसाए, झाड तांबडं झालंय हे मला माझ्या न्हाणीघरातून दिसतंय. तू कसली वाट बघतेस? खाली शहरात लोक विचारून विचारून थकले."

"मालकीणबाई, अजून एक दिवस."

"तुझा बाप असता तर कालच सांगितलं असतं."

हे वाक्य तिला लागलं. बुधवारची रात्र ढगाळ निघाली, थंडी पडलीच नाही. तरी गुरुवारी दुपारी तीनला पाच मिनिटं असताना फुसाएने फोन उचलला आणि 'ऐन भरात' असं सांगितलं. सांगून झाल्यावर ती पुलावर गेली आणि अंधार पडेपर्यंत तिथेच येरझाऱ्या घालत राहिली.

शनिवारी अकरा बसेस आल्या.

मी पार्किंगच्या कडेला उभी होते. पहिल्या बसमधून म्हातारे-म्हाताऱ्या उतरल्या. पाठीला पिशव्या, गळ्यात कॅमेरे, हातात भाताचे डबे. पुलाजवळच्या त्या एका लाल झाडापाशी सगळ्यांनी फोटो काढले. मग पूल ओलांडून घळीत गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"आत काहीच नाही!"

"कसं काहीच नाही? पेपरात छापलंय."

"बघ जाऊन. सगळं पालकासारखं हिरवं."

"तीन तास बसमध्ये बसवून पालक दाखवायला आणलं होय गं आपल्याला? पालक तर माझ्या परसात आहे!"

सगळ्या हसल्या. हसल्या म्हणून फुसाएला जास्त त्रास झाला असावा. कोणी रागावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. ती प्रत्येक बसच्या दारापाशी जाऊन कमरेत वाकत होती. "माझी चूक झाली. आपल्याला उगाच त्रास झाला. माफ करा." अकरा बसेस, येताना आणि जाताना. एका बसच्या गाइड मुलीने तिला हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाली, "काकू, बास करा हो. त्यांनी गरम पाण्यात आंघोळ केली, मासा खाल्ला, खूश आहेत ते." पण ती थांबली नाही.

संध्याकाळी सुमी पुलापाशी आली. "एक झाड बघतेस आणि अख्खी दरी सांगतेस!"

"मालकीणबाई, तुम्हीच तर..."

"मी मालकीण आहे. मी घाई करणारच. तू घाई करायची नाहीस, म्हणून तर तुला ठेवलंय ना?"



रविवारपासून तिने सगळी घळ चालायला घेतली. मी बरोबर होते, कारण तिला एकटीला सोडवेना. गावचे जुने लोक पानं बघायला जिथे जिथे जायचे ती सगळी ठिकाणं तिने घेतली. देवळामागचा उतार, धबधब्याची खालची कडा, जुन्या कोळसाभट्टीचं मैदान, बीच झाडांची राई, असं करत बारा. प्रत्येक ठिकाणी ती उभी राहायची, पान तोडायची, वहीत लिहायची, दोन पावलं जायची, परत फिरायची, पुन्हा बघायची. मला वाटायचं, आता हिला स्वतःचे डोळेसुद्धा खरे वाटत नाहीत. एकदा तिने मला तिच्याच जाकिटाचा रंग विचारला.

"निळा," मी म्हणाले.

"गडद की फिका?"

"फुसाए, वेड्यासारखं करू नकोस."

"वेड्यासारखं नाही, बाई. बाबांचं झाड खोटं बोलणार नाही. मग चूक कुणाची? माझीच असणार."

बाराही ठिकाणी हिरवं होतं. कुठे टोकाला पिवळसर कड, बस.

सोमवारी मी तोमेजोला पुलाजवळच्या झाडापाशी बोलावलं, फुसाएही होती. त्याला शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्याचा बाप आणि आजा देवळांच्या बागांतली झाडं छाटणारे. झाडाजवळ तो गेला की हात आधी लावायचा, डोळे नंतर. त्याने खोडावरून हात फिरवला, खाली बसला आणि पार्किंगच्या बाजूची माती उकरायला लागला. दोन वर्षांपूर्वी बसेससाठी तिथे सिमेंट झालं होतं, पार झाडाच्या बुंध्याजवळ. वितभर खाली मनगटाएवढं मूळ सापडलं, सरळ कापलेलं. त्याच्या शेजारी दुसरं. कापलेल्या टोकाला पांढरी बुरशी.

तोमेजोने उकरलेली माती मुळांवर परत लोटली. मग पँटला हात पुसत म्हणाला, "पोरी, हे झाड पिकलं नाही. आजारी पडलंय. आजारी झाड आधी लाल होतं."

"किती दिवसांपासून?"

"सिमेंट पडलं तेव्हापासून. गेल्या वर्षी जरा लवकर झालं होतं का?"

तिने वही चाळली. "तीन दिवस."

"मग तेव्हाच सुरुवात झाली म्हण."

"वाचेल?"

"माझ्या आज्याला विचारायला हवं होतं," तोमेजो म्हणाला. म्हणजे नाही.

ती रडेल असं मला वाटलं होतं, पण रडली नाही. उलट तिची घाई वाढली. घड्याळात पाहिलं तर दुपारचे दोन वाजून गेले होते. "बाई, तुमचा फोन वापरू? पंचायतीतून करता यायचा नाही."

का करता यायचा नाही, हे तिने चालता चालता सांगितलं. सकाळीच साहेबांनी तिला बोलावून घेतलं होतं. पर्यटनाचं काम बघणारे ते साहेब बाहेरगावचे, नवे आणि भले. ते म्हणाले होते, झालं ते झालं, यादीतला शब्द तसाच राहू द्या. मागे घेतलात तर गावाचं हसं होईल. आठ-दहा दिवसांत घळ खरंच रंगेल, मग आपला शब्द आपोआप खरा ठरेल.

"मग राहू दे की," मी म्हणाले. खरंच मला तसं वाटलं होतं.

"बाई, 'ऐन भरात' हा शब्द दहा दिवस पाहिला की शहरातले लोक काय समजतात? संपत आलं. अकरा बसेस जाऊन सांगणार, तिथे काही नाही. आणि घळ खरी भरात येईल तेव्हा इथे कावळा फिरकणार नाही. सुमीबाईंचं वर्ष गेलं. इतर दोघांचंही गेलं." ती थांबली. "आणि मग मी काय सांगायची? भरात आलेलं पुन्हा भरात आलं?"

माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने नंबर फिरवला. पलीकडचा कारकून इतक्या मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"यासोसावा ना? ऐन भरात. लिहिलंय मी आधीच."

"ते खोडा. 'रंग धरताहेत'सुद्धा लिहू नका. 'हिरवी' लिहा."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "ओइकावाबाई, हिरवी? दोन पायऱ्या मागे?"

"हो."

"अहो, पानं मागे जात नाहीत."

"पानं नाही गेली. मी पुढे गेले होते."

"तसं लिहायची सोय नाही हो. तक्त्यात पुढेच जाता येतं. अठ्ठावीस वर्षांत एकाही गावाने मागे घेतलेलं नाही."

"मग आम्ही पहिले," फुसाए म्हणाली. "माझं नाव घाला. ओइकावा फुसाए यांची चूक, असं लिहा."

"नाव कशाला? नावाची जागा नाही तक्त्यात."

"मग नुसतं 'हिरवी' लिहा. आणि हे बघा, तीन वाजायला दहा मिनिटं आहेत. वेळेत कळवलंय मी."

मंगळवारी सकाळी सात वाजता ती माझ्याकडेच रेडिओ ऐकायला आली. निवेदक एकेक नाव वाचत गेला आणि आमच्या नावापाशी अडखळला. "यासोसावा... हिरवी." कागद चाळल्याचा आवाज आला. "कालपर्यंत ऐन भरात होतं. बहुतेक तिथे वसंत आला." आणि तो हसला. सगळ्या प्रांताने ते हसू ऐकलं.

फुसाएने चहाचा कप ठेवला. "मी बाराही बघून येते," म्हणाली आणि गेली.

तो आठवडा वाईट गेला. एक सहल रद्द झाली, मग दुसरी. सुमी रस्त्यात भेटली तर मान फिरवायची. साहेब फुसाएशी कामापुरतं बोलायचे, आणि बोलताना खिडकीकडे बघायचे. फुसाए रोज पहाटे निघायची, बारा ठिकाणं चालायची आणि दुपारी एक शब्द सांगायची. चार दिवस 'हिरवी'. मग 'रंग धरताहेत', सलग सात दिवस. रोज संध्याकाळी ती यायची आणि मला विचारायची, "आज सांगितलं ते बरोबर होतं ना?" मी म्हणायचे, बरोबर होतं. "तुम्ही देवळामागे कुठे गेला होतात?" असं म्हणून ती पुन्हा निघायची. तिचे बूट त्या पंधरा दिवसांत फाटले.

महिन्याच्या शेवटी दोन रात्री कडक थंडी पडली. एक नोव्हेंबरला तिने बारापैकी दहा ठिकाणी पान वाडग्यात ठेवलं आणि ते दिसेनासं झालं. त्या दुपारी तिने 'ऐन भरात' कळवलं. कारकुनाने विचारलं म्हणे, "नक्की?" ती म्हणाली, "या आणि बघा." तीन तारखेच्या सुट्टीला बसेस आल्या त्या सहाच. इतर वर्षी वीस यायच्या. आलेले लोक मात्र संध्याकाळपर्यंत घळीतून बाहेर पडेनात. त्यातल्या काही आज्या त्या शनिवारीही आल्या होत्या. एकीने फुसाएला ओळखलं आणि म्हणाली, "काय गं, पालक तांबडा केलास की!" फुसाए पुन्हा कमरेत वाकली. पण या वेळी वाकताना तिला हसू आवरत नव्हतं, ते मी पाहिलं.

पुढच्या वसंतात पंचायतीने तिचं ते काम काढून घेतलं. शिक्षा म्हणून नाही, असं साहेबांनी मला स्वतः सांगितलं. आता पुलाच्या खांबावर कॅमेरा बसवलाय, चित्र सरळ कचेरीत जातं, माणसाची गरज नाही. कॅमेरा खुणेच्या झाडाकडे तोंड करून बसवला होता. दुसऱ्या वर्षी ते झाड पाडावं लागलं. तोमेजोनेच पाडलं, पूजा करून, तांदूळ आणि तांदळाची दारू, साके, बुंध्याशी ठेवून. फुसाए आली होती, शेवटपर्यंत उभी होती. कॅमेऱ्याची दिशा मात्र कोणी बदलली नाही. तो अजून त्याच जागेकडे बघतो. आता तिथे बसेस उभ्या राहतात.

झाड पाडलं त्या ऑक्टोबरात एका सकाळी सुमीने माझ्याकडे फोन केला. "फुसाए आहे का तिथे? तिला म्हणावं, मला पाहुण्यांना काय सांगायचं ते कळत नाही. कॅमेऱ्यात नुसता बसचा टप दिसतो."

फुसाए माझ्या दारात उभीच होती, हातात कप. फोन घेऊन म्हणाली, "मालकीणबाई, एक तास थांबा. अजून चार ठिकाणं राहिलीत."

"थांबते," सुमी म्हणाली. "घाई नाही."

त्यानंतर बाकीच्या दोन पथिकाश्रमांचेही फोन यायला लागले, आणि मग काही बसवाल्यांचेही. प्रांताच्या यादीत यासोसावाचा शब्द अजून कॅमेऱ्याचाच असतो. शहरातले जाणते लोक आधी यादी बघतात आणि मग सुमीकडे विचारतात.

फुसाए आता चौसष्ट वर्षांची आहे. ग्रामपंचायतीतून ती चार वर्षांपूर्वी निवृत्त झाली, गेल्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. बाराही ठिकाणं तिला एका दिवसात होत नाहीत, म्हणून आज सहा आणि उद्या सहा अशी ती चालते.